डब्याचं बिल नाही, आता डॉक्टरांना काय सांगू?

नमस्कार मॅडम,
माझी आई 61 वर्षांची आहे. तिला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय. आयुष्यात कधी विडीच्या धुराजवळही बसली नाही ती. तपासणीत ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं आणि डॉक्टरांनी ऑसिमर्टिनिब 80, रोज एक गोळी, सुरू केली. पहिले तीन महिने आईच्या पाटल्या मोडून आणि भावाच्या पीएफमधून काढले. मग ओळखीतल्या एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर दिला. तीच गोळी, ढाक्याची, 30 गोळ्यांचा डबा अकरा हजारांत. कुरिअरने घरी आली, बिल नाही. दुसरा डबा आला तेव्हा त्याचा रंग पहिल्यापेक्षा फिकट होता आणि गोळी जरा गडद. विचारलं तर म्हणाला, ‘नवीन लॉट आहे.’ आईच्या चेहऱ्यावरचं पुरळ मात्र या दुसऱ्या डब्यात पूर्ण गेलं, त्यामुळे ती खूश आहे. पुढच्या महिन्यात स्कॅन आहे. डॉक्टरांना मी काहीच सांगितलेलं नाही. ते चिडतील, पुढे नीट बघणार नाहीत अशी भीती वाटते. गोळी बंद करू का? आईला सांगू का? रात्री झोप लागत नाही.
– एक लेक, सांगली जिल्हा

प्रिय ताई,

आधी उत्तरं देते, कारणं मागाहून सांगते. गोळी द्यायची की थांबवायची हे तुम्ही एकटीने ठरवू नका. आजच डॉक्टरांना फोन करून सगळं सांगा आणि ते म्हणतील तसं करा. स्कॅनपर्यंत थांबू नका. आईला सांगा. आणि ते दोन्ही डबे, उरलेल्या गोळ्या, रिकामी पाकिटं, कुरिअरची पिशवी, यातलं काहीही फेकू नका.

तुम्हाला रागावण्याचा प्रश्नच येत नाही. कॅन्सर रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे मी 26 वर्षं उभी होते. आकडा ऐकल्यावर माणसं काय करतात ते मी रोज पाहिलंय. भांडत नाहीत. प्रिस्क्रिप्शनची घडी घालतात, ‘येतो जरा’ म्हणतात आणि दोन पावलं मागे सरकतात. त्यातले काही परत येत नाहीत. तुमच्या पाटल्या संपल्या तेव्हा तुमच्यासमोर आलेला तो व्हॉट्सअ‍ॅप नंबर म्हणजे तुम्हाला दिसलेलं एकमेव उघडं दार होतं. त्या दारामागे काय असतं तेवढं मात्र मला तुम्हाला सांगायलाच हवं.

पुरळापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते तेच. ऑसिमर्टिनिब पेशीवरच्या ज्या ईजीएफआर नावाच्या खुंटीला जाऊन अडकतं, ती खुंटी आपल्या कातडीतही असते. म्हणून या गोळ्यांनी चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ येतं, कातडी कोरडी पडते, नखांच्या कडा सुजतात, पोट बिघडतं. आता नीट ऐका. पुरळ आपोआप किंवा मलमानेही कमी होतं, पुष्कळ जणांचं होतं. त्यामुळे पुरळ गेलं म्हणजे गोळी खोटी, असं मी म्हणणार नाही. पण डबा बदलला, गोळीचा रंग बदलला आणि त्याच सुमारास पुरळही गेलं, या तीन गोष्टी एकत्र आल्या असतील तर डॉक्टरांच्या कानावर त्या एकत्रच जायला हव्यात. उलटंही लक्षात ठेवा: उद्या पुरळ परत आलं तरी गोळी खरी असल्याचा तो दाखला नाही. गोळीत औषध अर्धंच असू शकतं, किंवा आणखी काही भलतंच मिसळलेलं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना अशा मालाला दोन वेगळ्या नावांनी ओळखते: एक बनावट, म्हणजे मुद्दाम खोटं केलेलं, आणि दुसरं निकृष्ट, म्हणजे दर्जात उतरलेलं. अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर दहांतलं सुमारे एक औषध या दोन्हींपैकी कुठल्या तरी प्रकारात मोडतं, असा तिचा 2017 सालचा अंदाज आहे.

मी आजवर ज्या घरांत बोलले, तिथे प्रत्येकाला वाटत होतं की खोटं औषध घेतलं तर लगेच कळेल, उलटी होईल, चक्कर येईल, काहीतरी होईल. कॅन्सरच्या गोळीच्या बाबतीत बहुतेक वेळा काहीच होत नाही. माणसाला बरंच वाटतं, कारण दुष्परिणामच नसतात. आत गाठ वाढत राहते. दोन-तीन महिन्यांनी स्कॅन होतो, गाठ मोठी दिसते, आणि डॉक्टर फाइलवर लिहितात की आजार औषधाला दाद देईनासा झाला. त्यांचीही चूक नसते. या गोळ्यांना कधी ना कधी आजार सरावतोच, त्यांनी तसं शेकडो रुग्णांत पाहिलेलं असतं. मग ते हे औषध कायमचं बंद करतात आणि पुढच्या, बहुधा जास्त त्रासाच्या उपचाराकडे जातात. जे औषध आईला अजून वर्ष-दीड वर्ष साथ देऊ शकलं असतं ते पोटात गेलंच नव्हतं, हे कुणालाच कळत नाही. ताई, मला भीती वाटते ती याचीच. खोट्या गोळीने पैसे जातात, ते एक वेळ परत मिळवता येतील. पण ती डॉक्टरांना चुकीची साक्ष देते, आणि त्या साक्षीवर आईचा पुढचा सगळा उपचार ठरतो. म्हणून स्कॅनच्या आधी सांगणं इतकं महत्त्वाचं. तुम्ही सांगितलंत तर त्याच स्कॅनचा अर्थ डॉक्टर वेगळा लावतील.

आता ढाक्याबद्दल. बांगलादेशात खऱ्या, परवानाधारक औषध कंपन्या आहेत, आणि अल्पविकसित देशांना औषधांच्या पेटंटमधून मिळणाऱ्या सवलतीमुळे इथे पेटंटखाली असलेली औषधं त्या तिथे कायद्याने स्वस्तात बनवतात. स्वस्त म्हणजे खोटं, हे समीकरणही चुकीचं आहे. इमॅटिनिबची आठवण ठेवा. रक्ताच्या कॅन्सरवरची ती परदेशी गोळी महिन्याला लाखाच्या वर होती, भारतीय कंपन्यांची तीच गोळी दहा हजारांच्या आसपास मिळत होती. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधाचं पेटंट नाकारलं आणि हजारो घरं त्या भारतीय गोळीवर तगली. माझ्या खिडकीतून मी ती स्वतः दिलीय. तेव्हा मी कारखान्यावर बोट ठेवत नाहीये. बोट ठेवतेय ते ढाका आणि तुमच्या घराचा उंबरा यांच्यामधल्या वाटेवर. त्या वाटेवर डबा कुणाच्या हातांतून गेला, कुठल्या गोदामात उन्हाळाभर पडला, आणि मुळात ढाक्याहून निघाला की इथेच कुठल्या तरी छापखान्यात त्याचं खोकं तयार झालं, हे सांगणारा एकही कागद तुमच्याकडे नाही. जो ब्रँड खपतो त्याचीच नक्कल होते, मग तो ब्रँड कुठल्याही देशाचा असो.

आणि ही वाट किती लांब असू शकते बघा. फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 19 वैद्यकीय केंद्रांना पत्रं पाठवली, की तुम्ही परदेशी पुरवठादाराकडून घेतलेलं अ‍ॅव्हास्टिन नावाचं इंजेक्शन बनावट असू शकतं. कुपीत औषधाचा अंशही नव्हता. तो माल इजिप्त, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, ब्रिटन असा हात बदलत अमेरिकेत पोचला होता. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने मागच्यावर विश्वास ठेवला आणि शेवटी सलाईन लागली ती एका आजारी माणसाच्या हाताला. डॉक्टरही फसले तिथे, तुम्ही-आम्ही तर लांबच. आपल्याकडचंच सांगायचं तर सप्टेंबर 2023 मध्ये अ‍ॅडसेट्रिस या इंजेक्शनच्या बनावट कुप्या भारतासह चार देशांत सापडल्याचा इशारा आला होता. आणि मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांच्या गुन्हे शाखेने एक टोळी पकडली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार, रुग्णालयांतल्या काही कर्मचाऱ्यांकडून महागड्या कॅन्सर इंजेक्शनांच्या रिकाम्या कुप्या विकत घेतल्या जात आणि त्यांत शे-दीडशे रुपयांचं बुरशीवरचं औषध भरून त्या पुन्हा विकल्या जात. कुपी खरी, लेबल खरं, बॅच नंबरही खरा.

ते वाचलं त्या दिवशी मला आमच्या फार्मसीतली एक सवय आठवली. इंजेक्शन बनवून झालं की रिकाम्या कुपीच्या लेबलवर काळ्या मार्करने जाड फुली मारायची, मगच ती कचऱ्यात टाकायची. नव्या मुली कंटाळायच्या. मी त्यांना कुपीचं तोंड दाखवायची: वर प्लास्टिकची टोपी, तिच्याखाली अ‍ॅल्युमिनियमची कडी, कडीच्या मधोमध रबरी बूच. टोपी एकदा उडवली की पुन्हा नीट बसत नाही. कडी उचकटून परत दाबली की काठावर बारीक सुरकुत्या राहतात. बूच उजेडात धरलं की सुईचं भोक दिसतं. तुमच्या आईला गोळी आहे, पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी इंजेक्शन चालू असेल तर रिकाम्या कुपीवर फुली मारून घ्या, नर्सला तसं सांगायला लाजू नका.

इंजेक्शनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. एक मुलगा परदेशातून कुणाकरवी मागवलेलं इंजेक्शन घेऊन आमच्याकडे आला होता. प्लास्टिकच्या पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात पाणी, पाण्यात कुपी. आदल्या दिवशी तो बर्फ होता. ते औषध 2 ते 8 अंशांतच ठेवायचं असतं. आम्ही ते द्यायला नकार दिला. तो काही बोलला नाही, डब्याचं झाकण लावत राहिला. ते झाकण बसत नव्हतं. तो चेहरा मी विसरलेले नाही. त्या कुपीत अस्सल औषध असेलही, पण ते वाटेतच मेलं होतं.

आता तुमचे डबे समोर घ्या. भारतात रीतसर आयात झालेल्या औषधाच्या खोक्यावर, छापलेलं किंवा चिकटवलेलं, आयात परवान्याचा म्हणजे ‘इम्पोर्ट लायसन्स’चा क्रमांक असतो, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, आणि एमआरपी रुपयांत असते. यातलं काही नसेल तर तो डबा सरकारी दाराने आत आलेला नाही, बस्स. मग पाकिटावरचा बॅच नंबर आणि मुदत खोक्यावरच्याशी जुळते का बघा, दोन्ही डब्यांचे फोटो शेजारी ठेवून काढा, त्या माणसाबरोबरचे सगळे मेसेज आणि पैसे पाठवल्याची पावती जपून ठेवा. क्यूआर कोड स्कॅन झाला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका, कोडचीही नक्कल होते. आणि नुसतं बघून गोळी खरी की खोटी हे मलाही सांगता येत नाही, 26 वर्षांनंतरही नाही. ते प्रयोगशाळेचं काम आहे. औषध कायद्याच्या कलम 26 प्रमाणे तुम्ही विकत घेतलेलं औषध, ठरलेली फी भरून, सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात सहायक आयुक्त (औषधे) यांच्याकडे त्यासाठी जा. राज्याचा टोल फ्री नंबर 1800222365 आहे. विना परवाना औषध विकणं हा गुन्हा आहे आणि कायद्याचा रोख बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर आहे. तक्रार करायची की नाही हे घरात बसून ठरवा, पण डॉक्टरांना फोन त्याच्या आधी.

त्या फोनची तुम्हाला धास्ती आहे ना? मग शब्द मीच देते. ‘डॉक्टर, दोन महिने मी आईची गोळी बाहेरून, बिलाशिवाय मागवली. पैसे नव्हते. दुसऱ्या डब्याची गोळी वेगळी दिसते आणि तिचं पुरळ गेलंय. डबे घेऊन कधी येऊ?’ एवढंच बोला आणि थांबा. डॉक्टर चिडलेच तर दोन मिनिटं चिडतील. पण मी ज्या ज्या कॅन्सरतज्ज्ञांबरोबर काम केलं, त्यांतल्या प्रत्येकाला हे आधी कळलेलं हवं असायचं. कारण न कळता औषध बदलण्याची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच येते.

आणि त्याच भेटीत पैशांचं बोला, उघडपणे. मला इथे थोडं सविस्तर सांगायचंय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवाल्याकडे माणूस जातो तो बाकीच्या वाटा त्याला कुणी दाखवलेल्या नसतात म्हणून.

पहिली गोष्ट, पहिल्या तीन महिन्यांची तुमची पक्की बिलं शोधून ठेवा. महागड्या औषधांच्या कंपन्यांच्या रुग्ण सहाय्य योजना असतात. बऱ्याच योजनांत काही महिने विकत घेतल्यानंतर पुढचे डबे सवलतीत किंवा मोफत मिळतात. त्याचा फॉर्म डॉक्टरांच्या सहीने जातो आणि बिल लागतंच. दुसरी, किंमत नव्याने विचारा. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात ऑसिमर्टिनिबसह तीन कॅन्सर औषधांवरचं सीमाशुल्क पूर्ण काढलं गेलं, आणि त्याच वर्षी त्यांच्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. दुकानदार जुना आकडा सांगत असेल तर सध्याची एमआरपी दाखवायला सांगा. अमृत फार्मसीतही चौकशी करा, सरकारी कंपनी चालवते ती, कॅन्सरची औषधं तिथे सवलतीत मिळतात.

तिसरी गोष्ट डॉक्टरांना विचारायला पुष्कळांना संकोच वाटतो: याच्या जागी दुसरं काही चालेल का? ईजीएफआरवरच्या आधीच्या पिढीच्या गोळ्या, गेफिटिनिब, एर्लोटिनिब, भारतात कितीतरी कंपन्या बनवतात आणि त्या ऑसिमर्टिनिबच्या मानाने फार स्वस्त आहेत. ऑसिमर्टिनिब त्यांच्याहून सरस आहे, यात वाद नाही. ज्या मोठ्या चाचणीत त्यांची तुलना झाली, तिथे नव्या गोळीवरच्या निम्म्या रुग्णांचं आयुष्य 38.6 महिन्यांपलीकडे गेलं, जुन्या गोळ्यांवर तो आकडा 31.8 महिने होता. फरक आहे, आणि तो लहान नाही. पण जुनी गोळी म्हणजे काहीच नाही, असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 350 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, 2020 साली प्रसिद्ध झाला तो, गेफिटिनिबच्या जोडीला केमो दिली तर आजार आटोक्यात राहण्याचा काळ 8 वरून 16 महिन्यांवर गेला. त्रासही वाढला, म्हणून ते प्रत्येकाला झेपत नाही. तुमच्या आईला यातलं काय चालेल हे तिच्या तपासण्या बघूनच ठरेल, मी इथून सांगू शकत नाही. एवढं मात्र खात्रीने सांगते, खरी जुनी गोळी ही खोट्या नव्या गोळीपेक्षा हजार पटींनी बरी.

चौथी, स्कॅन, रक्ततपासण्या, दाखल होणं यांचा खर्च वाचला तरी गोळीला पैसे उरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आई बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या खर्चात राखीव असतात. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करा. आणि रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाचं दार ठोठावा. कुठला ट्रस्ट कुठल्या महिन्यात कागद घेतो हे तिथल्या बायांना तोंडपाठ असतं.

परदेशातून औषध आणण्याची सरळ वाटही आहे, हेही माहीत असू द्या. स्वतःच्या वापरापुरतं औषध प्रवासी सामानात, कस्टमला सांगून, शंभर सरासरी मात्रांपर्यंत आणता येतं. कुरिअरने मागवायचं तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडे प्रिस्क्रिप्शन जोडून फॉर्म 12-ए भरावा लागतो, त्यावर 12-बी परवाना मिळतो. यात वेळ जातो, पण कुठल्या दुकानातून, कुठल्या बॅचचं, याचा कागद हातात राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवाला ‘आम्ही सगळं मॅनेज करतो’ म्हणतो तेव्हा नेमका हाच कागद तो गाळत असतो.

राहिली आई. तिला सांगा, पण पुरळाच्या आनंदावर पाणी ओतल्यासारखं नको. तिच्या शेजारी बसून म्हणा, ‘आई, या डब्यावर माझा विश्वास नाही, आपण डॉक्टरांना दाखवू या.’ गोळी ती गिळते, रोज सकाळी पाण्याच्या तांब्याबरोबर. तिला कळायलाच हवं. शिवाय पुरळ नेमकं कुठल्या आठवड्यात गेलं, धाप वाढली का, खोकला रात्रीचा येतो की पहाटेचा, हे तुमच्यापेक्षा तिलाच नीट सांगता येईल, आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

फोन झाला की मला दोन ओळी लिहा. स्कॅनची तारीखही कळवा.